जोडलेली उकुलेले आणि तीन दिवस

आमच्या धाकट्या मुलीने दोन ईदची ईदी साठवून ठेवली होती. एकूण १८५० रुपये. पैसे दादींकडे होते. दादींकडे पैसे मागायला धीर लागतो, म्हणून ते टिकतात. मे महिन्याच्या सुट्टीत तिने तो धीर केला आणि म्हणाली, "दादी, मला उकुलेले घ्यायची आहे." दादींना वाटले खाण्याचा काही पदार्थ असावा. "बाजारात मिळते की घरी करायची?" असे त्यांनी विचारले आणि घरात दोन दिवस हसणे चालले.

हसणे संपल्यावर प्रश्न शिल्लक राहिला. नवी उकुलेले, अगदी शिकाऊ मुलांची, आम्ही चौकशी केली तेव्हा दोन-अडीच हजारांच्या आत चांगली मिळत नव्हती. मुलीने मात्र स्वतःच एक शोधून ठेवली होती. खोपोलीच्या बाजारात भजनी मंडळांच्या पेट्या आणि पखवाज दुरुस्त करणारे एक छोटे दुकान आहे. तिथे ती टांगलेली होती. किंमत १२०० रुपये. एकदा फुटलेली आणि जोडलेली.

आम्ही दोघेही शिक्षक. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, वाद्यांतले काही कळत नाही. आपल्या पैशांनी चूक झाली तर माणूस गप्प बसतो. पण मुलीच्या ईदीचे पैसे बुडाले तर? ते पैसे मामूंनी, खालांनी, शेजारच्या आजोबांनी तिच्या हातावर ठेवलेले. पहिल्यांदाच ती स्वतःच्या पैशांनी स्वतःसाठी काही घेत होती. आम्ही "नको" म्हटले असते तर तिने ऐकले असते, आणि पुढच्या वेळी काही मागितलेच नसते. "घे" म्हटले असते आणि आठ दिवसांत वाद्य उकलले असते, तर फुटकी वस्तू घेणारी म्हणून घरात ती वर्षभर चेष्टेचा विषय झाली असती. आमच्या घरात अशा गोष्टी कोणी विसरत नाही.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. उकुलेले दिसायला गिटारसारखी, पण लहान मुलाच्या मांडीवर मावेल एवढी. सर्वांत लहान प्रकार सुमारे २१ इंचांचा, त्याच्या वरचा २३ इंचांचा. तारा चारच, त्याही पोलादाच्या नव्हेत, नायलॉनच्या, त्यामुळे बोटे सोलवटत नाहीत. १८७९ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन निघालेले एक जहाज हवाई बेटांवर होनोलुलूला लागले. त्यांत लाकूडकाम जाणणारे तीन कारागीर होते. मळ्यातून सुटल्यावर त्यांनी आपल्या मुलखातल्या छोट्या तंतुवाद्याच्या धर्तीवर तिथल्या कोआ नावाच्या लाकडात वाद्ये करायला घेतली. हवाईचा राजा कालाकाउआ याने ते वाद्य दरबारात नेले. तिथल्या भाषेत नावाचा अर्थ होतो 'उडी मारणारी पिसू'. हे ऐकून दादी पुन्हा हसल्या. म्हणजे घरातले वातावरण फार वाईट नव्हते.

वाद्य घरात आणावे की नाही, हा प्रश्नही निघाला. दादींच्या मनात तो होताच. या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यावर निकाल देण्याची आमची पात्रता नाही. घरात एवढे ठरले की नमाजच्या वेळा आणि अभ्यासाची वेळ सोडून, दार लावून वाजवायचे, आणि रमजानमध्ये वाद्य कपाटावर राहील. दादी म्हणाल्या, "माझ्या कानावर येऊ देऊ नकोस, आलं तर बेसूर येऊ देऊ नकोस." याला आम्ही परवानगी समजलो.

आता खरा मुद्दा. जोडलेली वस्तू घ्यावी का?

आमच्यात दोन मते पडली. एकाचे म्हणणे होते, फुटलेले भांडे जोडून वापरता येते, पण वाद्याला आवाज असतो आणि आवाजाला तडा सहन होत नाही. दुसऱ्याच्या डोक्यात मिरज होती.

मागच्या हिवाळ्यात एका नातेवाइकांच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही मिरजेला चार दिवस होतो. मिरज म्हटले की आपल्याकडच्या माणसाला आधी दवाखाने आठवतात. भेटायच्या वेळा सोडल्या तर दिवस रिकामा जायचा. मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आलो. आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. ते १९३७ मध्ये वारले, आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात अजूनही संगीत सभा भरते, मोठमोठे गवई हजेरी लावतात. खाँसाहेब गाण्याइतकेच वाद्यांच्या दुरुस्तीतही जाणकार होते, हे तिथे कळले. शिकवताना गायक म्हणून त्यांचा उल्लेख आम्ही अनेकदा केला असेल, पण हाती कानस घेतलेले खाँसाहेब कधी डोळ्यांपुढे आले नव्हते.

जुन्या भागात सतारमेकरांची दुकाने आहेत. त्यांचे मूळ आडनाव शिकलगार. हत्यारे घडवणे, त्यांना धार लावणे हा पिढीजात धंदा. इंग्रजी अमलात तलवारींना गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भावाने तंतुवाद्यांकडे हात वळवला. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, पुढच्या पिढ्यांनी सतारमेकर हेच आडनाव लावले. आज देशभरातले गवई मिरजेचा तंबोरा मागतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या समाजातल्या कारागिरांचे एवढे मोठे काम आपल्या मुलांना माहीत नसते. आम्हालाही दवाखान्यामुळे कळले.

आम्ही ज्या दुकानाच्या पायरीवर टेकलो, तिथे नव्या वाद्यांपेक्षा जुनीच जास्त होती. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूच्या शेतांतून येतो. तो वाळवतात, कापतात, भिजवून आकार देतात, वर लाकडाची तबली बसवतात. इतके करूनही भोपळा तो भोपळाच. रेल्वेत कोणाची ट्रंक आदळली की फुटला. मग पुण्या-मुंबईचे, धारवाडचे गवई फुटका तंबोरा गोधडीत गुंडाळून मिरजेला आणतात. कारागीर तुकडे जमवतात, सरस लावतात, आतून पट्ट्या देतात, वरून रंग आणि पॉलिश करतात. एका तंबोऱ्याचा भोपळा तीनदा जोडलेला होता आणि मालकाला नवा नको होता. शिवाय घोडीची जवारी. तारा घासून घासून घोडीचा पृष्ठभाग झिजतो, आवाजातली गाज जाते, की पुन्हा कानस घेऊन जवारी लावून घ्यायची. म्हणजे उत्तम वाद्यसुद्धा दर काही महिन्यांनी दुरुस्तीला बसतेच.

तिथल्या बुजुर्ग कारागिरांना आम्ही विचारले होते, कुठली मोडतोड वाईट? ते म्हणाले, "भोपळा फुटला तर आम्ही लगेच बोलतो, किती दिवसांत देऊ ते सांगतो. दांडीला काही झालं असेल तर गिऱ्हाइकाला आधी चहा देतो, मग बोलतो."

हा चहा आम्हाला खोपोलीत उपयोगी पडला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा उघडण्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही तिघे कर्जतहून खोपोलीच्या लोकलने गेलो. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. पहिला पाऊस होऊन गेला होता, डोंगर अजून हिरवे व्हायचे होते. दुकानदार मध्यमवयीन, बोलायला मोकळे. त्यांनी आपण होऊन सगळी हकिगत सांगितली. आपल्या भागात कर्जतपासून चौकापर्यंत मुंबईकरांची फार्महाऊसे आहेत. त्यांतल्या एकावर पाहुण्यांच्या गर्दीत कोणीतरी सोफ्यावर ठेवलेल्या उकुलेलेवर बसले. तबली चिरली. मालकांनी ती रखवालदाराला देऊन टाकली, रखवालदाराने दुकानात आणून विकली. "मी तबली जोडली, तारा नव्या घातल्या. जोड लपवलेला नाही सर, हा बघा," असे म्हणत त्यांनी बोट ठेवून दाखवले. घोडीच्या उजव्या बाजूने खालपर्यंत गेलेली, बोटभर लांबीची रेघ. जोड सुबक होता.

आम्ही आमची शाळामास्तरी तपासणी सुरू केली. थोडी वाचून, थोडी मिरजेत पाहून शिकलेली. कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर उपयोग होईल म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम चिरेवरून डोळे मिटून बोट फिरवले. दोन्ही बाजू एका पातळीत असल्या पाहिजेत. बोटाला पायरी लागली तर जोडताना लाकूड नीट बसलेले नाही. मग अंगठ्याने चिरेच्या दोन्ही अंगांना हलके दाबले. चीर लाकडाच्या रेषांच्या दिशेने गेलेली असेल तर ती चांगली जुळते. नीट लावलेला सरस किंवा फेव्हिकॉल सुकल्यावर आजूबाजूच्या लाकडापेक्षाही घट्ट धरतो. रेषांना आडवे मोडलेले लाकूड मात्र सहजी जुळत नाही. फेव्हिक्विकने घाईत चिकटवलेले असेल तर त्याच्या कडेला पांढुरके डाग दिसतात, आणि तो जोड धक्क्याला तडकतो.

मुलीने मोबाइलची बॅटरी लावून गोल भोकातून आत पाहिले. चिरेच्या आतल्या बाजूला आडवे छोटे लाकडी तुकडे चिकटवलेले हवेत, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. दोन तुकडे होते. आम्हाला बरे वाटले. मग घोडीच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा घालून पाहिला. तारांच्या ओढीने घोडी मागून उचलली गेली असेल तर कार्ड आत जाते. गेले नाही. मग दांडीवरून एक डोळा मिटून, बंदूक रोखल्यासारखे पाहिले. दांडी सरळ होती. शेवटी मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावर दाबलेली तार. तिथे तारेची लांबी बरोबर निम्मी होते, म्हणून तोच स्वर एक सप्तक वर लागायला हवा. मुलीने मोबाइलवरच्या ट्यूनरने तपासले. चारही तारांचा स्वर काटा हलेल-न हलेल इतक्या फरकाने जुळला.

तपकिरी लाकडाची, बोटभर रेघ असलेली ती उकुलेले मुलीने छातीशी धरली होती. आता "नाही" म्हणणे कठीण होते. म्हणूनच आम्ही तीन दिवस मागितले.

ही युक्ती आमची नव्हे. खरेदी-विक्रीच्या शरई मसाइलमध्ये खियारची तरतूद आहे. सौदा करताना आधीच अट घालून ग्राहक मुदत मागू शकतो, आणि त्या मुदतीत सौदा मोडण्याचा हक्क त्याला राहतो. इमाम अबू हनीफा आणि इमाम शाफई या दोघांच्याही मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत. आपल्या कोकणातली बहुतेक घरे शाफई, पण या बाबतीत शेजाऱ्याशीही वाद नाही. दुकानदारांना आम्ही मसाइल वगैरे काही सांगितले नाही. "तीन दिवस घरी वाजवून बघतो, मंगळवारी एक तर उरलेले पैसे देतो नाही तर वस्तू देतो," एवढेच म्हटले. त्यांनी ६०० रुपये ठेवून घेतले आणि हसून म्हणाले, "एक दिवसात कळेल सर."

पहिल्या रात्री सगळे घर ऐकत बसले. दादीसुद्धा, दाराबाहेर. मुलीला दोनच सुरावटी येत होत्या आणि त्या तिने पुरेशा वाजवल्या. सकाळी उठून पाहते तो चारही तारा उतरलेल्या. तिने पुन्हा लावल्या. दुपारी पुन्हा उतरल्या.

इथे घाईने निष्कर्ष काढणारा फसतो. नायलॉनच्या नव्या तारा पहिले आठ-दहा दिवस ताणत राहतात, रोज दोन-चारदा लावाव्या लागतात, त्यात दोष काही नाही. पण स्वर उतरण्याचे दुसरेही कारण असते. दांडी आणि पेटी यांचा सांधा सुटत असेल तर दांडी केसभर पुढे झुकते, तारा सैल पडतात आणि स्वर उतरतो. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच. पोलादी तारांच्या गिटारवर सगळ्या तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात ताण असतो. उकुलेलेवर त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. कमी वाटतो, पण तांदळाची पंधरा किलोंची पिशवी रात्रंदिवस एका सांध्याला टांगून ठेवा म्हणजे कळेल.

मग ओळखायचे कसे? आमच्या दोघांपैकी जो संशयी होता त्याने शाळेची स्टीलची पट्टी काढली. बाराव्या पडद्यावर तारेची पडद्यापासून उंची मोजली. तीन मिलिमीटर. वहीत तारीख आणि वेळ टाकून लिहिले. दांडी जिथे पेटीला मिळते त्या सांध्यावर पेन्सिलने एक बारीक आडवी रेघ मारली, निम्मी दांडीवर आणि निम्मी पेटीवर. नुसत्या तारा ताणत असतील तर उंची बदलणार नाही आणि रेघ तुटणार नाही. मुलीला हे फार आवडले नाही. तिच्या वस्तूवर कोणी पहारा बसवल्यासारखे तिला वाटले असावे.

रविवारी संध्याकाळी जोराचा पाऊस झाला. आपल्याकडचा पाऊस वाचकांना सांगायला नको. कपाटातल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांनाही ओल धरते. लाकूड ओल पिऊन फुगते, जुना सरस ढिला पडतो. सोमवारी सकाळी पट्टीने साडेतीन दाखवले. मंगळवारी पहाटे चार. आणि पेन्सिलची रेघ सांध्यावर तुटली होती, वरचा तुकडा सुताएवढा पुढे. संशयी माणसाने व्हिजिटिंग कार्ड सांध्यात घातले. ते गेले.

जिंकल्याचा आनंद कोणालाच झाला नाही. मुलगी काही बोलली नाही. तिने स्वतःच कार्ड पुन्हा घालून पाहिले आणि वाद्य कापडात गुंडाळले.

मंगळवारी दुपारी तिघे पुन्हा खोपोलीला. दुकानदारांनी उकुलेले हातात घेतली, सांधा पाहिला. म्हणाले, "दांडीकडे माझं लक्षच गेलं नाही. फुटलेली तबली दिसली, ती जोडली." आम्ही काही बोललो नाही. मुलगी त्यांच्याकडे पाहत होती. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "थोडी हलत होती. वाटलं, तारा चढवल्यावर बसेल."

हदीसमधला एक प्रसंग बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. प्रेषित (स.) बाजारात धान्याच्या राशीजवळ थांबले, राशीत हात घातला तर बोटांना ओल लागली. विचारल्यावर व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर त्यांचे म्हणणे असे होते, की मग भिजलेले धान्य वर का नाही ठेवलेस, लोकांना दिसले असते. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट आम्हाला त्या दुकानात वेगळी दिसली. त्या व्यापाऱ्यानेही फार मोठा डाव केला नसेल. पाऊस तर खराच पडला होता. वरचे कोरडे धान्य बघून त्याला स्वतःलाही सगळी रास कोरडी वाटू लागली असेल. आमच्या दुकानदारांनी तबलीचा जोड बोट ठेवून दाखवला होता, आणि तो दाखवल्यामुळे आम्ही बाकीचे सगळे खरे धरले. सांगितलेल्या दोषाआड न सांगितलेला दोष सहज लपतो. हे त्यांना कळत होते की नव्हते, हे आम्ही विचारले नाही. पहिल्या वाक्यावर थांबता आले असते, तरी दुसरे वाक्य ते आपण होऊन बोलले होते.

त्यांनी ६०० रुपये गल्ल्यातून काढून समोर ठेवले. मग म्हणाले, "नाही तर आठवडा द्या. सांधा उघडून नीट बसवतो. बसला तर साडेआठशे द्या, नाही बसला तर काही देऊ नका."

आमच्यातल्या एकाला पैसे उचलून निघायचे होते. एकदा शब्द पुरता सांगितला नाही, दुसऱ्यांदा का विश्वास ठेवायचा? दुसऱ्याचे म्हणणे, आता तर दोष उघड झाला आहे, किंमत दोषासह ठरली आहे, हात अडकलेला नाही. हा वाद दुकानातच, पण हळू आवाजात झाला. शेवटी मुलीला विचारले, पैसे तिचे होते. ती दुकानदारांना म्हणाली, "काका, तुम्ही उघडाल तेव्हा मला बघायचं आहे."

त्यांनी तिथल्या तिथे तारा उतरवल्या. पातळ पाते सांध्यात सरकवून हळूहळू दांडी मोकळी केली. आत वाळलेल्या सरसाचे पिवळे पापुद्रे होते आणि लाकडाचा जेमतेम अर्धा भाग एकमेकांना टेकत होता. म्हणजे कारखान्यातूनच तो सांधा कमजोर आला असावा, सोफ्यावरच्या पाहुण्याने फक्त उरलेले काम केले. पापुद्रे खरवडले. ज्या बाजूला फट राहत होती तिथे लाकडाची कागदासारखी पातळ चिपटी घातली. सरस तापवून लावला. फेव्हिकॉल का नाही, असे मुलीने विचारले. ते म्हणाले, "फेव्हिकॉल चांगलाच. पण गाडीत उन्हात वाद्य राहिलं आणि ओढ चालू असली की तो हळूहळू सरकतो. सरस परत कधी उघडायचा झाला तर गरम पाण्याच्या फडक्याने उघडतो. पुढच्या माणसाला त्रास नाही." मग सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ती सांध्याभोवती करकचून गुंडाळली. अस्थिरोगतज्ज्ञाकडे बसल्यासारखे आम्ही बघत होतो. आठ दिवस हात लावायचा नाही, असे सांगून त्यांनी ती उंच फळीवर ठेवली.

६०० रुपये आम्ही परत घेतले. ते त्यांच्याकडेच राहू द्यावेत असे दोघांपैकी एकाला वाटत होते, पण त्यांनीच हातात दिले.

आठ दिवसांऐवजी आम्ही तीन आठवड्यांनी गेलो. शाळा सुरू झाली होती, एका आठवड्यात पावसाने लोकलचा खोळंबा झाला. तोवर त्यांनी नुसते कोरडे ठेवले नव्हते, तारा चढवून पूर्ण ताणावर पंधरा दिवस टांगून ठेवली होती, ऐन पावसात. बाराव्या पडद्यावर पट्टी लावली. तीन मिलिमीटर. कार्ड सांध्यात गेले नाही. मुलीने दादींकडून आणलेले ८५० रुपये मोजून दिले. त्यांनी एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिले: तबली एक जोड, आत दोन पट्ट्या, दांडीचा सांधा पुन्हा बसवला, सरस, तारीख, सही. हे आम्ही मागितले नव्हते. मिरजेत जुन्या तंबोऱ्यांच्या आतल्या बाजूला पूर्वीच्या कारागिरांची नावे असतात तसा तो कागद मुलीने घडी करून वाद्याच्या पिशवीत ठेवला आहे. कधी विकायची झाली तर घेणाऱ्याला आधी तोच दाखवायचा, असे तिचे म्हणणे.

उरलेले १००० रुपये दादींकडे आहेत.

ऑगस्टमध्ये दर रविवारी पट्टी लावून मोजले. एकदा सव्वातीन आले, बहुधा ओल. संशयी माणूस म्हणतो दिवाळीपर्यंत मोजत राहू, हवा कोरडी झाली की खरे कळेल. उकुलेले भिंतीला टेकवून ठेवत नाही, आतल्या खोलीत खुंटीला अडकवतो, खिडकीपासून दूर. सोफ्यावर ठेवायला दादींनी सक्त मनाई केली आहे.